तक्रारीपासून ठरावापर्यंत

नागरिकशास्त्र हा विषय आमच्या शाळांच्या वेळापत्रकात इतिहासाच्या पदराला धरून चालणाऱ्या धाकट्या भावंडासारखा आजवर वावरत आला आहे. इतिहासाची प्रकरणे एकदाची संपली आणि परीक्षा महिन्यावर येऊन ठेपली, म्हणजे उरलेल्या थोड्या तासिकांत ग्रामपंचायतीच्या सदस्यसंख्येपासून राष्ट्रपतींच्या अधिकारांपर्यंतचा सारा मजकूर वहीत उतरवून द्यावयाचा आणि मुलांनी तो पाठ करून उत्तरपत्रिकेत रुजू करावयाचा, अशी वहिवाट मी नोकरीत शिरलो तेव्हा जवळजवळ सर्वत्र होती. माझी सेवा प्रथम सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत झाली आणि पुढे सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका माध्यमिक विद्यालयात ती पूर्ण झाली. एकीकडे पाण्याच्या घागरीसाठी रात्र जागविणारा मुलूख आणि दुसरीकडे पाणी घरात शिरू नये म्हणून रात्र जागविणारा मुलूख. अशा दोन टोकांच्या प्रदेशांत पहिलीच्या बालकापासून दहावीच्या तरुणापर्यंत हा एकच विषय शिकविण्याचा योग मला आला, आणि त्या अनुभवातून माझी अशी खात्री झाली की या विषयाची सुरुवात व्याख्येपासून करू नये, मुलाच्या तक्रारीपासून करावी. तक्रार नाही असे मूल नाही. ती तक्रार कोणाकडे न्यावी, कोणत्या शब्दांत मांडावी, तिच्यात आपल्याबरोबर आणखी कोणाकोणाचे दुःख सामावते हे पाहावे, आणि तिचा निकाल आपल्या विरुद्ध लागला तर काय करावे, एवढे ज्याला समजले त्याला राज्यघटनेचे पुढचे पाठ परके वाटत नाहीत.

पहिली-दुसरीच्या वर्गात पाठ्यपुस्तकातील नागरिकशास्त्र नसते. परंतु न्यायान्यायाची जाणीव त्या वयात जितकी तीव्र असते तितकी पुढे क्वचितच राहते. ‘गुरुजी, ह्यानं माझी पाटी घेतली,’ ‘गुरुजी, ही रोजच पुढं बसती,’ अशा फिर्यादींनी सकाळ सुरू होई. अशा फिर्यादींचा निकाल शिक्षकाने आपल्या अधिकारात एका वाक्यात देऊन टाकणे सोयीचे असते, आणि नेमके तेच टाळावे असे मला वाटे. शनिवारी शेवटच्या तासाला कोणता खेळ खेळावयाचा याचा निर्णय मी मुलांवर सोपविला होता. टेबलावर दोन रिकामे डबे ठेवावेत, एक लपंडावाचा, एक लंगडीचा. प्रत्येकाने आपला एक चिंचोका मनाप्रमाणे कोणत्या तरी डब्यात टाकावा आणि मग सर्वांसमक्ष ते मोजावेत, अशी रीत होती. एका शनिवारी लपंडाव मोठ्या फरकाने जिंकला. जिंकलेली मुले बाहेर धावत सुटली. पण एक मुलगी जागची हलली नाही. ती म्हणाली, ‘मग लंगडीवाल्यांनी आज काय करायचं?’ मी तो प्रश्न वर्गासमोर ठेवला. एक मुलगा तत्परतेने म्हणाला, ‘पुढच्या शनवारी लंगडी घिऊ.’ त्यावर दुसरा, ज्याच्या बुद्धीचे मला आजही कौतुक वाटते, म्हणाला, ‘पर तवाबी आमीच जास्त आसनार की.’

लोकशाहीविषयीचा सर्वांत अवघड प्रश्न त्या सात वर्षांच्या मुलाने आपण होऊन, कोणी न शिकविता मांडला होता. जे संख्येने नेहमीच कमी राहणार त्यांचे काय, या चिंतेतूनही मूलभूत हक्कांचा विभाग घटनेत आला, आणि काही गोष्टी बहुमताच्या हातीसुद्धा देऊ नयेत अशी तजवीज घटनाकारांनी करून ठेवली. त्या मुलांना हे मी सांगितले नाही. सांगून ते समजलेही नसते. त्यांनी आपापसांत बराच वेळ वाद घालून असे ठरविले की अर्धा वेळ लपंडाव आणि अर्धा वेळ लंगडी, आणि हा नियम डब्यातील चिंचोके कितीही कमीजास्त झाले तरी मोडावयाचा नाही. पुढे हीच मुले सातवीत आली तेव्हा मूलभूत हक्कांचा पाठ उघडताना मी त्यांना तो नियम आठवून दिला, आणि मग पाठातील भाषा त्यांना जड गेली नाही.

सहावीत स्थानिक शासनसंस्थांचा परिचय होतो. गावाशी, ग्रामपंचायतीशी, चावडीशी मुलाची तोंडओळख याआधीच झालेली असते, कारण वडिलांसाठी सात-बाराचा उतारा आणावयास तलाठ्याकडे तेच धावलेले असते. मात्र हे सारे कोणत्या नियमाने चालते याची त्याला गंधवार्ता नसते. माणमधील माझ्या एका शाळेच्या गावी उन्हाळ्यात टँकर येई, आणि तो येई नेमका शाळेच्या वेळात. टँकर आला की हंडे-घागरी घेऊन धावण्याचे काम बव्हंशी मुलींकडे असे, आणि वर्गातील मुलींचे बाक रिकामे होत. ग्रामपंचायतीची कामे या पाठावर प्रश्न लिहून आणण्याऐवजी या गोष्टीसंबंधी अर्ज लिहा, असे मी वर्गाला सांगितले.

पहिला मसुदा एका मुलाने लिहून आणला. ‘आमाला पाणी न्हाई, तुमच्या घरी बोअर हाय, तुमाला काय त्याचं,’ अशा अर्थाची चार वाक्ये त्यात होती, आणि चारही वाक्ये खरी होती. मी त्यातील एकही शब्द खोडला नाही. फळ्यावर फक्त तीन प्रश्न लिहिले: हे कोणाचे दुःख आहे? ते दूर करण्याचा अधिकार कोणाला आहे? त्याला हे खरे कशावरून वाटावे? पहिल्या प्रश्नाला मुलांनी ‘आमचं’ असे उत्तर दिले, तेव्हा मागच्या बाकावरील मुलींनी ‘आमचं म्हंजी कुनाचं? पानी आमी भरतो,’ अशी हरकत घेतली, आणि अर्ज मुलींच्या नावे असावा असे एकमताने ठरले. दुसऱ्या प्रश्नाचा शोध घेता घेता मुलांना असे कळले की टँकर मंजूर करणे ग्रामपंचायतीच्या हाती नाही. तिने प्रस्ताव पाठवावयाचा, तो पंचायत समितीकडून वरच्या कचेरीत जावयाचा आणि तेथून हुकूम व्हावयाचा. परंतु मंजूर झालेला टँकर गावात कोणत्या वस्तीवर केव्हा रिकामा व्हावा, यात पंचायतीच्या शब्दाला वजन आहे. म्हणजे पाणी मागण्यापेक्षा वेळ मागणे हा येथे योग्य अर्ज होय. तिसऱ्या प्रश्नासाठी त्यांनी वर्गाचे हजेरीपत्रक काढले, टँकर आलेल्या दिवशी किती मुली दुपारनंतर गैरहजर होत्या ते मोजले आणि त्याचा तक्ता अर्जासोबत जोडला.

तो अर्ज घेऊन मुली ग्रामपंचायतीत गेल्या. ग्रामसेवकाने तो वाचला, आवक नोंदवहीत त्याची नोंद केली आणि नकलेवर शिक्का व क्रमांक घालून ती परत दिली. शाळेत परतताना मुली त्या क्रमांकाविषयीच बोलत होत्या. आपले म्हणणे कोणी तरी वहीत लिहून घेतले आहे, आणि आता ते नाही म्हणता येणार नाही, याची जाणीव त्यांना प्रथमच होत होती. सरकार ही वस्तू दाखविता येत नाही असे मी पुष्कळदा ऐकले आहे, परंतु त्या दिवशी त्या मुलींनी ती पाहिली असे मी म्हणेन. मासिक सभेत अर्ज वाचला गेला. शाळेजवळच्या दोन वस्त्यांवर टँकर सकाळी लवकर येऊ लागला. दूरच्या वस्तीला ती वेळ देता आली नाही, कारण भरण्याचे ठिकाण लांब होते. त्या वस्तीतील मुलींनी दुसरा अर्ज केला, आणि तो नामंजूर झाला.

‘अर्ज नामंजूर झाला तर काय करायचं, गुरुजी?’ हा प्रश्न अर्थातच आला. साताऱ्याच्या मुलांना त्याचे उत्तर साताऱ्यातच सापडते. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले, तेव्हा त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि जवळजवळ चौदा वर्षे तेथे राहून कैफियती व अर्ज करीत राहिले. महाराज काशीत नजरकैदेत असतानाच १८४७ मध्ये निवर्तले, पुढच्याच वर्षी सातारचे राज्य खालसा झाले, आणि रंगो बापूजी विन्मुख होऊन परतले. ही कथा अपयशाची आहे आणि मी ती तशीच सांगत असे. तिचा शेवट गोड करून सांगणे हा मुलांशी केलेला अप्रामाणिकपणा ठरला असता. परंतु जेथे प्रजेला राज्यकर्ता बदलण्याचा अधिकार नाही तेथील अर्ज आणि जेथे तो अधिकार आहे तेथील अर्ज, या दोहोंत कोणते अंतर आहे, हे त्या कथेमुळे सहावीच्या मुलालाही स्पष्ट दिसते.

सातवीचा समतेचा हक्क शिकविताना मला कधी दूरचे उदाहरण शोधावे लागले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपणीचे काही शिक्षण साताऱ्यात झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले, आणि तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्याच सुमारास, नऊ वर्षांचे असताना, घरातील इतर मुलांसह ते वडिलांकडे गोरेगावला जावयास निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. ही मुले कोणत्या जातीची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घेण्यास राजी होईना. अखेर दुप्पट भाड्यावर आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर एक गाडी ठरली, आणि वाटेत जवळ अन्न असूनही पाणी न मिळाल्यामुळे त्या मुलांना उपाशी रात्र काढावी लागली. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. मसूर म्हटले की आमच्या मुलांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या पाहण्यातील स्थानक उभे राही, आणि वर्गात जी शांतता पसरे ती पुस्तकातील कोणत्याही परिच्छेदाने पसरली नसती. त्यानंतर घटनेचा पंधरावा अनुच्छेद वाचावयाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशा साध्यासुध्या जागांची नावे कायद्याच्या मजकुरात का यावीत, असे मग कोणी विचारीत नसे. एका वर्षी मात्र एका मुलाने उभे राहून विचारले, ‘गुरुजी, आमच्या वस्तीची पाण्याची टाकी येगळी का?’ त्याचे उत्तर मी एकट्याने देणे योग्य नव्हते. गावातील वडीलधाऱ्यांना मी शाळेत बोलावले, तो प्रश्न त्यांच्यापुढे त्याच मुलाने पुन्हा विचारला, आणि त्यावर झालेले बोलणे काही जणांना कटू वाटले तरी ते आवश्यक होते.

येथे प्रसंगोपात्त एक मत नोंदवितो. अनेक शाळांत विद्यार्थ्यांचे मंत्रिमंडळ स्थापन करून मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, सहलमंत्री अशी पदे वाटण्याची प्रथा आहे. तिच्यामागील हेतू चांगला आहे. तरीही मंत्रिपदाचा बिल्ला छातीवर लावला की मुलाला प्रथम पद कळते आणि कर्तव्य मागाहून, असा माझा अनुभव आहे. मी पद न देता हिशेब देत असे. स्नेहसंमेलनाच्या वर्गणीचा जमाखर्च मुलांनी ठेवावा, सर्व वर्गासमोर वाचावा आणि कोणीही कोणत्याही रकमेवर प्रश्न विचारावा. ज्याने एकदा सर्वांसमक्ष हिशेब दिला आहे आणि एकदा दुसऱ्याला तो मागितला आहे, त्याला ‘उत्तरदायित्व’ हा भारदस्त शब्द आयुष्यात पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

पलूस तालुक्यात आल्यावर समोरच्या मुलांचे वय बदलले, आणि तक्रारीचा सूरही बदलला. आठवी ते दहावीचा विद्यार्थी ‘माझ्यावर अन्याय झाला’ असे फारसे म्हणत नाही. पुस्तकात लिहिले आहे तसे बाहेर काही घडत नाही, असे म्हणतो. या वयात शिक्षकाने त्याला गप्प बसविले तर तो परीक्षेपुरते लिहून विषयाशी फारकत घेतो, आणि शिक्षकाने त्याच्या सुरात सूर मिसळला तर सारेच खोटे आहे अशी त्याची धारणा होते. मला या दोहोंपासून दूर नेणारा आधार त्याच मातीत मिळाला. विद्यालयापासून जवळच असलेले कुंडल हे गाव औंध संस्थानात मोडत असे. त्या संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये, महात्मा गांधींच्या सल्ल्याने, आपली सत्ता प्रजेच्या हवाली करणारी राज्यघटना जाहीर केली. युवराज अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा तीत मोठा वाटा होता. बहात्तर गावांच्या त्या छोट्या संस्थानात निवडून आलेल्या गावपंचायती कारभाराचा पाया मानल्या गेल्या. आपल्या गावाला देशाच्या स्वातंत्र्याआधी आठ वर्षे मताचा अधिकार मिळाला होता, ही वार्ता तेथील मुलांनाही नवी असे. ‘राजानं आपण होऊन का सोडलं?’ या प्रश्नावर आमचा एक अख्खा तास गेला, आणि त्याचे समाधानकारक उत्तर निघाले नाही, हेच मला समाधानाचे वाटले.

कुंडलचा दुसरा वारसा प्रतिसरकारचा. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली बेचाळीसच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या त्या सरकारने १९४६ पर्यंत गावोगावी न्यायनिवाडे केले, सावकारी आणि दरोडेखोरीस आळा घातला. त्या भागात असे घर क्वचितच असेल ज्यात प्रतिसरकारची एखादी हकिकत सांगितली जात नाही. नववीच्या वर्गात एकदा मुलांनी आजोबा-आजींकडून ऐकलेल्या हकिकती लिहून आणल्या. गुन्हेगारांच्या तळपायांवर मार देण्याच्या शिक्षेचे वर्णन मोठ्या अभिमानाने वाचले जात असता एक मुलगी म्हणाली, ‘पण सर, त्याला वकील द्यायला कोण होतं?’ क्षणभर वर्ग रागावल्यासारखा झाला, कारण तिने जणू देवघरात हात घातला होता. मी तिची बाजू घेतली नाही आणि तिला गप्पही केले नाही. परक्या सरकारची न्यायालये ज्यांना आपली वाटत नव्हती त्या लोकांनी स्वतःचा न्याय उभा केला, यात केवढे धाडस होते, हे एका गटाने मांडावे. आरोपीला आपले म्हणणे मांडण्याची आणि वर दाद मागण्याची सोय का असावी, हे दुसऱ्या गटाने मांडावे, असे ठरविले. त्या चर्चेत स्वातंत्र्यसैनिकांविषयीचा कोणाचाही आदर कमी झाला नाही. उलट, जे स्वतः ते दिवस जगले त्यांनीच नंतर निवडणुका लढविल्या, तेच घटनेखालील कायदेमंडळांत जाऊन बसले, याचा अर्थ मुलांना अधिक खोल कळला.

२०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांच्या पुढे गेली, जेथे पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी मानतात. शाळा पुन्हा भरली तेव्हा दप्तरे नव्हती, वह्या नव्हत्या. प्रश्न मात्र होते. कोयना धरणातून पाणी केव्हा सोडायचे हे कोण ठरवते? अलमट्टी धरण कर्नाटकात आहे, मग त्याच्याबद्दल आपण कोणाला विचारायचे? पंचनाम्यात आमच्या शेजाऱ्याचं घर आलं आणि आमचं का नाही? केंद्र, राज्य आणि आंतरराज्य नदीविवाद हा भाग मी त्या वर्षी पुस्तकाच्या क्रमाने शिकविला नाही. प्रश्नांच्या क्रमाने शिकविला, आणि पंचनाम्यावर हरकत कशी घ्यावी याचा नमुना मुलांनी स्वतः तयार करून घरी नेला.

दहावीचा ‘निवडणूक प्रक्रिया’ हा पाठ सर्वांत नाजूक. एका वर्षी एक मुलगा वर्ग सुटल्यावर थांबला आणि खाली मान घालून म्हणाला, ‘सर, आमच्या घरी पाकीट आलं होतं. आईनं घेतलं.’ पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्या आईचा न्यायाधीश करणे हे कोणत्याही शिक्षणाचे काम नव्हे. मी त्याला एवढेच सांगितले की लाच देणे आणि घेणे दोन्ही कायद्याने गुन्हा आहे, मत गुप्त आहे, आणि पाकीट देणाऱ्याला त्या मतावर कोणताही हक्क पोहोचत नाही. तुला अजून तीन वर्षे अवधी आहे, तोवर तू काय करशील ते तू ठरव. तो काही बोलला नाही. असे प्रश्न वर्गात न येता वर्गाबाहेर येतात, त्यासाठी शिक्षकाने तास संपल्यावर लगेच निघून जाऊ नये, असे मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगत असे.

माझ्या सेवेच्या अखेरच्या वर्षांत नववीत एक मुलगी होती. तिची आई गावची सरपंच होती. स्थानिक संस्थांत स्त्रियांना पन्नास टक्के आरक्षण महाराष्ट्राने २०११ मध्ये दिले, हे मी सांगत असता ती शांतपणे म्हणाली, ‘सर, सही आई करते. बाकी सगळं बाबा करतात.’ वर्गातील कोणीही हसले नाही, कारण पुष्कळांच्या गावी तेच होते. मी सरपंचाची कर्तव्ये आणि अधिकार सांगणारा ग्रामपंचायत अधिनियमाचा भाग वर्गाला वाचावयास दिला आणि त्यातील प्रत्येक काम आपल्या गावी प्रत्यक्ष कोण करते, ते समोर लिहून आणावयास सांगितले. मुलीने तो कागद घरी आईबरोबर बसून भरला. वडिलांना प्रथम ते रुचले नाही. शाळेत येऊन त्यांनी माझ्याशी स्पष्ट बोलणेही केले, आणि मी त्यांना तो कागद, त्यातील कलमांसह, पुन्हा वाचून दाखविला.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला मी त्या गावी गेलो होतो. तिच्या आईने अहवाल स्वतः वाचला. वाचताना ती एकदोनदा अडखळली आणि पुन्हा मागे जाऊन तिने ते वाक्य नीट वाचले. पथदिव्यांच्या खर्चावर एका म्हाताऱ्या बाईंनी हरकत घेतली की त्यांच्या आळीत एकही दिवा लागलेला नाही. कोणी त्यांना खाली बसा म्हणाले. सरपंचबाईंनी त्यांना बोलू द्या असे सांगून नोंदवही मागविली, तीत दिव्यांच्या जागा लिहिलेल्या आढळल्या नाहीत, आणि बराच वेळ वादावादी झाल्यावर तो खर्च मंजूर न करता ठराव तहकूब ठेवावा, जागांची यादी तयार करून ती पुढील सभेपूर्वी चावडीवर लावावी, असे ठरले.